२.७ मिलिमीटरचा धक्का

[दृश्य: काळं आकाश. मधोमध एक ठिपका. हळूहळू त्याचे दोन होतात.]

२७ सप्टेंबर २०२२. आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजत आलेत. पृथ्वीपासून साधारण १ कोटी १० लाख किलोमीटरवर नासाचं ‘डार्ट’ यान एका लघुग्रहाकडे झेपावतंय, त्याला धडकण्यासाठीच. वेग सेकंदाला ६.१ किलोमीटर. या वेगानं पुण्याहून मुंबई गाठायला अर्धं मिनिटही लागणार नाही.

[दृश्य: यानाच्या कॅमेऱ्यातली शेवटची छायाचित्रं, एकामागून एक.]

बाजूला सरकतोय तो मोठा लघुग्रह डिडिमॉस, पाऊण किलोमीटरच्या आसपास रुंदीचा. समोर मोठा होत चाललाय तो त्याच्याभोवती फिरणारा डायमॉर्फस, जेमतेम १६० मीटरचा. आता त्याच्यावरचे दगड वेगवेगळे दिसू लागलेत. धारदार, कोनदार, एकमेकांवर रचल्यासारखे. अखंड कातळ कुठेच नाही. शेवटच्या छायाचित्राची फक्त एक पट्टी पोचली. पुढचं पाठवायला यान उरलंच नव्हतं.

[दृश्य: कोरा कागद, त्यावर उमटत जाणारे आकडे.]

या टकरीचा हिशोब ऊर्जेवरून मांडायला गेलं तर हात टेकावे लागतात. दगड फुटण्यात किती ऊर्जा गेली, उष्णतेत किती जिरली, कोण सांगणार? संवेग मात्र असा जिरत नाही. वस्तुमान गुणिले वेग, आणि त्याला दिशा. टकरीआधीची बेरीज टकरीनंतरही तीच.

मग करूच गणित. यान ५८० किलोचं, वेग सेकंदाला ६,१४० मीटर. गुणाकार सुमारे साडेपस्तीस लाख. डायमॉर्फसचं अंदाजे वस्तुमान ४३० कोटी किलो. भागाकार केला की वेगातला बदल येतो सेकंदाला ०.८ मिलिमीटर. यान नुसतं रुतून बसलं असतं, तर एवढंच झालं असतं.

प्रत्यक्षात बदल निघाला २.७ मिलिमीटर. तिपटीहून जास्त!

[दृश्य: टकरीनंतर पसरत जाणारा धुळीचा पिसारा.]

हा जादाचा संवेग आला त्या दगडधोंड्यांतून. धडकेनं किमान दहा लाख किलो माल उसळला, तोही यान आलं त्या दिशेला, म्हणजे उलटा. मलब्यानं जितका संवेग मागे नेला, तितकाच डायमॉर्फसला यान चाललं होतं त्या दिशेनं मिळाला. यान, डायमॉर्फस आणि उडालेली सगळी धूळ यांना एकत्र धरा; त्यांचं वस्तुमान केंद्र, म्हणजे सगळ्या वस्तुमानाचा सरासरी बिंदू, टकरीआधी ज्या वेगानं चाललं होतं, त्याच वेगानं टकरीनंतरही चालत राहिलं. सगळी उलथापालथ आपापसातली. आपापसातल्या बलांनी वस्तुमान केंद्राचा वेग बदलत नाही. मला या सगळ्या मोहिमेत हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

[दृश्य: डिडिमॉसभोवतीची कक्षा. आधीची निळी, नंतरची तांबडी.]

मिलिमीटर इतक्या लांबून मोजले कसे? डायमॉर्फस डिडिमॉसच्या पुढून किंवा मागून गेला की या जोडीचा प्रकाश किंचित मंदावतो. त्या मंदावण्यांमधला वेळ जमिनीवरच्या दुर्बिणींनी टिपला. आधी एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती सुमारे ३३ मिनिटांनी घटली. यान समोरून आदळलं होतं, त्यामुळे डायमॉर्फसचा वेग कमी झाला. मग फेरी लवकर कशी संपते? वेग घटला तसा तो डिडिमॉसच्या जवळ ओढला गेला, आणि जवळच्या कक्षेला वेळ कमी लागतो. मूळ वेगच सेकंदाला १७ सेंटिमीटर होता, म्हणून पावणेतीन मिलिमीटरही पुरेसे ठरले.

एक दुवा अजून कच्चा आहे: ते ४३० कोटी किलो. डायमॉर्फसची घनता डिडिमॉससारखीच असेल असं धरून काढलेला हा आकडा. तो नेमका कळल्याशिवाय मलब्याचा वाटाही नेमका ठरत नाही. त्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय. २०२६ च्या अखेरीस तिथे पोचून डायमॉर्फसचं वस्तुमान मोजायचं, आणि डार्टनं केलेली जखम जवळून पाहायची, असं त्याचं नियोजन आहे.