न वापरलेल्या विजेचा भाव

[पडद्यावर फक्त एक आकडा: 60.00]

टेक्सासच्या ग्रिडची कंट्रोल रूम जिथे आहे तिथे हा आकडा चोवीस तास समोर असतो. साठ हर्ट्झ, म्हणजे तारांमधली वीज सेकंदाला साठ वेळा पुढेमागे होते. मागणी आणि निर्मिती जुळली की तो जागेवर राहतो, मागणी जास्त झाली किंवा एखादा मोठा प्लांट अचानक बंद पडला की तो घसरायला लागतो, आणि तेव्हा सावरायला हातात फार वेळ नसतो, सुरुवातीचे तर नुसते सेकंदच असतात.

15 फेब्रुवारी 2021, रात्री दोनच्या जरा आधी हा आकडा 59.302 वर गेला. 59.4 च्या खाली सलग नऊ मिनिटं राहिला असता तर आणखी प्लांट स्वतःचं नुकसान टाळायला ग्रिडपासून आपोआप सुटले असते आणि मग जवळपास अख्खं टेक्सास अंधारात गेलं असतं. तो खाली राहिला 4 मिनिटं 23 सेकंद. आकडा वर आणायला लोकांची वीज तोडावी लागली, पुढे एका टप्प्यावर तर 20,000 मेगावॅटपर्यंत.

अशी वेळ येऊ नये म्हणून ग्रिडवर रिझर्व्ह ठेवतात. म्हणजे प्लांट चालू आहे, सगळी यंत्रणा तयार आहे, पण क्षमतेचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवलाय, सांगितलं की काही सेकंदात किंवा दहा मिनिटांत वीज वाढवायची. आता ही वीज तर कोणी वापरलीच नाही, मीटरवर कुठेच दिसत नाही, मग तिचा भाव काय धरायचा? मला तरी वीजबाजारातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण हा भाव चुकला की तयार राहणारे हळूहळू कमी होतात, आणि ते आपल्याला कळतं ते थेट लाइट गेल्यावर.

सोपी बाजू आधी घेऊ. समजा एका प्लांटला एक युनिट, म्हणजे इथे एक मेगावॅट-तास, वीज बनवायला 30 डॉलर लागतात आणि बाजारात भाव आहे 50. विकली तर 20 डॉलर सुटतात. त्याला सांगितलं की बाबा तू यातला काही भाग विकू नकोस, राखून ठेव, तर त्याचे ते 20 डॉलर बुडाले. मग रिझर्व्हचा भाव निदान 20 तरी हवा, नाहीतर तो राखून ठेवेलच कशाला, विकूनच टाकेल ना. कोणती क्षमता विकायची आणि कोणती राखायची हे कॉम्प्युटरने एकाच वेळी, एकाच हिशोबात ठरवलं तर हे 20 डॉलर रिझर्व्हच्या भावात आपोआप येतात.

अवघड बाजू सुरू होते टंचाईत. टेक्सासच्या बाजारात प्लांट नुसता उभा आहे म्हणून पैसे मिळत नाहीत, कमाई मुख्यतः विकलेल्या विजेची आणि थोडी अशा राखीव सेवांची. मग वर्षातल्या मोजक्या कठीण तासांसाठी लागणारा प्लांट कोण का बांधेल? तर त्या तासांमध्ये भाव खराखुरा चढला पाहिजे. आणि तो अचानक उडी मारून नाही, रिझर्व्ह जसजसा आटत जाईल तसतसा चढला पाहिजे.

[पडद्यावर आलेख: उजवीकडून डावीकडे रिझर्व्ह कमी होतोय, रेषा वर जातेय]

हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम होगन यांनी मांडलेली कल्पना ही, आणि एरकॉटने, म्हणजे हा ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने, जून 2014 पासून ती लागू केली. हिशोब ढोबळ असा. वीज गेल्यावर ग्राहकाचं जे नुकसान होतं ते युनिटमागे 9,000 डॉलर धरलं. आत्ता एवढा रिझर्व्ह शिल्लक असताना वीज तोडावी लागण्याची शक्यता किती, हे आधीच्या अंदाजांमध्ये किती चूक झाली होती त्यावरून काढलं. दोन्हींचा गुणाकार. शक्यता एक टक्का असेल तर भावात साधारण 90 डॉलरची भर पडते, दहा टक्के असेल तर जवळपास 900. आणि रिझर्व्ह 2,000 मेगावॅटवर आला की शक्यता सरळ शंभर टक्के धरायची, भाव 9,000. ऑगस्ट 2019 च्या उन्हाळ्यात भाव खरंच तिथे पोचला होता, आणि तेव्हा लोकांची वीज तोडावी लागली नाही.

मला ही पद्धत मनापासून पटते. ऑपरेटरच्या मनात जी धाकधूक असते ती यात डॉलरमध्ये उतरते आणि सगळ्यांना दिसते, कारखान्याला दिसते, बॅटरीवाल्याला दिसते, ज्याचा प्लांट दुरुस्तीला काढायचाय त्यालाही दिसते.

पण 2021 च्या थंडीत हीच पद्धत उघडी पडली. लाखो घरांची वीज तोडलेली होती आणि तरी भाव काही वेळा 1,200 डॉलरच्या आसपास निघत होता. का, तर ज्यांची वीज तोडली त्यांची मागणी हिशोबातून गेली, त्यामुळे ग्रिडवर रिझर्व्ह आहे असं गणिताला वाटलं! मग राज्याच्या आयोगाने आदेश काढला की वीज तोडलेली असेपर्यंत भाव 9,000 च राहील. तिथपर्यंत ठीक. पण 17 तारखेच्या रात्री वीज तोडणं थांबलं तरी तो भाव 19 तारखेच्या सकाळपर्यंत तसाच ठेवला, आणि यातून ज्यांची बिलं फुगली त्यातली ब्राझोस ही मोठी वीज सहकारी संस्था मार्चच्या पहिल्याच दिवशी दिवाळखोरीत गेली. टंचाईचा भाव टंचाईत हवा, टंचाई संपल्यावर तो कोणाला काय सांगणार होता?

आणि खरं दुखणं तर वेगळंच होतं. गॅसच्या विहिरी, पाइप, प्लांटमधली उपकरणं गोठली होती, गोठलेल्या प्लांटला 9,000 दाखवा नाहीतर नव्वद हजार, तो चालू होणार नाही. थंडीची तयारी महिनोन्‌महिने आधी करावी लागते आणि ती करायला लावणारा कायदा त्याच वर्षी झाला.

2022 पासून कमाल भाव 5,000 वर आणला, पण तो गाठायची पातळी 2,000 वरून 3,000 मेगावॅट केली. म्हणजे शिखर बुटकं, पण चढ लवकर सुरू. हा बदल मला योग्य वाटतो, कारण इशारा लवकर मिळाला तरच कोणीतरी काहीतरी करू शकतं.

डिसेंबर 2025 मध्ये एरकॉटने आणखी मोठं काम केलं, जे अमेरिकेतले बाकीचे मोठे वीजबाजार आधीपासून करत होते. आता वीज आणि रिझर्व्ह दोन्ही दर पाच मिनिटांनी एकाच हिशोबात ठरतात, आदल्या दिवशी ज्याने रिझर्व्ह द्यायचं कबूल केलं त्याच्याकडेच तो अडकून पडत नाही, स्वस्तात राखू शकणारा दुसरा कोणी असेल तर काम त्याच्याकडे जातं. प्रत्येक प्रकारच्या रिझर्व्हला आता स्वतःची वेगळी रेषा आहे. आणि बॅटरीचा चार्ज पण हिशोबात धरला जातो, रिझर्व्ह विकायचा असेल तर ठरलेला वेळ पुरेल एवढा चार्ज त्या क्षणी बॅटरीत असायलाच हवा.