चौथ्या चरणातली चार अक्षरे

‘पुनरुत्थान’ (येशूचे मरणातून उठणे) या शब्दात पाच अक्षरे आहेत आणि मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा. शब्द ठेवला की उरते एक अक्षर. त्यात बसणार काय, तर ‘हे’ नाहीतर ‘ते’. मराठीत ख्रिस्ती भक्तिगीत लिहिणाऱ्याची पहिली झटापट ही अशी असते, म्हणून आज मोजणीपासूनच सुरुवात करू.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. जोडाक्षर एकच धरायचे, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्वदीर्घाची सक्ती नाही, ते गाणारा सांभाळतो. आता हे कडवे बघा:

पुनरुत्थान हे
आशेचे कारण
विश्वासे तारण
होते येथे

मोजणी बिनचूक, यमक चोख, सिद्धान्तही बरोबर. आणि कविता मेलेली. चार ओळींत नुसती भाववाचक नामे कोंबली आहेत, दिसत काहीच नाही. चौथ्या चरणात सांगण्यासारखे काही उरले नाही म्हणून ‘होते येथे’ ही भर घातली. आता तोच प्रसंग त्याच मापात:

शिळा लोटलेली
कबर मोकळी
पहाटेच्या वेळी
बाया आल्या

‘पुनरुत्थान’ हा शब्द कुठेही नाही. पण चौथा चरण आखूड असल्यामुळे गाणारा तिथे थांबतो, आणि बाया आल्या तेव्हा त्यांना काय दिसले हे ऐकणारा स्वतः पुरे करतो. अभंगातली ही दोन अक्षरांची तूट मला फार मोलाची वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गात जी व्याख्या पाठ करून घेतात, तिला इथे जागाच नाही.

ओवीचेही तसेच. तिथे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा तोकडा, मोकळा. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले ते याच छंदात, सुमारे अकरा हजार ओव्या. 1616 मध्ये राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. छंद उसना घेतला की शब्दही येतात. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ सरळ वापरला. मोठ्या कथाकाव्यात हे खपते, कारण पुढच्या शंभर ओव्या शब्दाला नवा अर्थ चढवतात. पाच कडव्यांच्या गीताला तेवढी सवड नसते. तिथे ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हाच अर्थ कानाला आधी लागतो, पापाची क्षमा आणि देवाशी समेट मागे राहतो.

मग ‘तारण’? शब्द रुळलेला आहे, पण बँकेत कर्जापोटी ठेवतात तेही तारणच. ‘उद्धार’ घ्यावा तर बोलीत कुणी कुणाचा उद्धार केला म्हणजे शिव्याच घातल्या. मराठी बायबलमधला ‘खंडणी’ हा शब्द तर वर्तमानपत्रांनी पार गुंडांच्या हवाली केला आहे. तरी या व्यवहारी वासाला घाबरण्याचे कारण नाही. मूळ कल्पनाच व्यवहारातली आहे: बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात विकलेली जमीन किंवा दास झालेला भाऊबंद जवळच्या नातलगाने मोल देऊन परत मिळवण्याचा नियम आहे. आपल्याकडे त्याला साधा, घरातला शब्द आहे, ‘सोडवणे’. दागिने गहाण पडतात आणि सोडवले जातात.

गहाण हा जीव
कोणी सोडविला
मोल देत गेला
थेंबथेंब

‘रक्त’ म्हटलेले नाही, ‘वधस्तंभ’ही नाही. (वधस्तंभ म्हणजे चार अक्षरे, पुरा चौथा चरण. दोन अक्षरांचा ‘क्रूस’ कुठेही मावतो.)

चालीचा प्रश्न वेगळा. पाश्चात्त्य सुरावटीवर बेतलेल्या भाषांतरित गीतांत अनेकदा ठेका एका अक्षरावर आणि अर्थाचा भार दुसऱ्यावर पडतो. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर आले की शब्द ताणून विद्रूप होतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणले, तेव्हा शब्द आणि चाल पुन्हा एका घरची झाली. ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणण्याची मोकळीकही त्या छंदातूनच मिळते. मसुदा तपासायचा तर टाळ हातात घेऊन चार वेळा म्हणा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा एखादा पाठ्यपुस्तकी शब्द दडलेला असतो.

आशा मात्र सगळ्यात अवघड, कारण ती लवकर येते. पहिल्याच कडव्यात अंधार आणि दुसऱ्यात उजेड आला तर कुणालाच दिलासा मिळत नाही. बायबलमधल्या ‘हबक्कूक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट पाहा. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून फसले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. सहा तोटे एकेक करून मोजल्यावरच ‘तरी’ येते. मराठीत त्या ‘तरी’ला दोनच अक्षरे लागतात, पण तिच्याआधीची मोजणी गाळून चालत नाही. निदान तीन कडवी तरी त्या तोट्यांना द्यावीत, आणि तीही नाव घेऊन. नुसते ‘दुःख’ किंवा ‘संकट’ म्हणून भागत नाही.

आणि कधी ‘तरी’ येतच नाही. बायबलमधले 88वे स्तोत्र आरंभी देवाला तारणारा म्हणून हाक मारते आणि पुढे एकदाही वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. असे गीत लिहिले गेलेच, तर शेवटी उजेडाचे कडवे जोडू नका. हाक मारली गेली आहे, तेवढ्यावर ते गायला देता येते.