लायडनच्या आजी-आजोबांचं कोलेस्टेरॉल

(दृश्य: कालवे, पुलाच्या कठड्याला टेकवलेल्या सायकली, विटांची अरुंद घरं.)

नेदरलँड्समधलं लायडन. १५७५ सालापासून इथे विद्यापीठ आहे. १९८६च्या डिसेंबरात इथल्या संशोधकांनी पंच्याऐंशी ओलांडलेल्या रहिवाशांचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्यापैकी ७२४ जणांच्या रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल मोजलं आणि मग दहा वर्षं नोंद ठेवली. कोण गेलं, केव्हा गेलं, कशानं गेलं.

दहा वर्षांत ६४२ जण गेले. त्या वयात यात नवल नाही. नवल होतं ते आकड्यांत. ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, ते जास्त जगले होते. आपल्याकडच्या रिपोर्टच्या हिशेबात सांगायचं तर दर ३९ मिलिग्रॅम वाढीमागे मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसत होता. कोलेस्टेरॉल कमी, मध्यम आणि जास्त असे तीन गट पाडले होते; हृदयविकारानं जाणाऱ्यांच्या प्रमाणात या तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक होता कर्करोगात आणि जंतुसंसर्गात.

१९९७मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हापासून असे निष्कर्ष दोन तऱ्हांनी वाचले जातात. एक तऱ्हा डॉक्टरांची, सावध. दुसरी आपल्या ओळखीची: “बघा, म्हातारपणी तूप खाल्लेलंच बरं!”

(दृश्य: समुद्र, होनोलुलूचा किनारा.)

तुपाचा डबा उघडण्याआधी पॅसिफिकमधल्या हवाईच्या ओआहू बेटावर, होनोलुलूला जाऊ. इथे जपानी वंशाच्या आठ हजारांवर पुरुषांची तपासणी १९६५पासून सुरू होती. त्यांच्यातल्या काहींचं कोलेस्टेरॉल काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा मोजलेलं होतं, आणि ही मोठी सोय. एकदाच काढलेला आकडा मुक्कामाचं ठिकाण सांगतो. दोन आकडे प्रवासाची दिशा सांगतात. १९९५मध्ये आलेल्या विश्लेषणात ज्यांचं कोलेस्टेरॉल मधल्या पातळीवरून १८०च्या खाली उतरलं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. पहिल्यापासूनच कमी असलेल्यांत तशी ठळक वाढ नव्हती.

म्हणजे घसरण महत्त्वाची. ती होते कशानं? शरीरात दीर्घकाळ दाह असला, कर्करोग आत वाढत असला, यकृत थकलं किंवा जेवणच तुटलं, की रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. निदान व्हायच्या कितीतरी आधी उतरू शकतं. अशा माणसाचा रिपोर्ट कागदावर सुरेख दिसतो, आणि घरचे म्हणतात, आजोबांचं पथ्य फळलं.

होनोलुलूच्याच ७१ ते ९३ वर्षांच्या साडेतीन हजार पुरुषांवर २००१मध्ये आणखी एक अहवाल आला. त्यात वर्षानुवर्षं कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनाही धोका जास्त दिसला. संशोधकांनी मोकळेपणानं लिहिलं, आम्हाला याचा उलगडा होत नाही. शिवाय निवडीचाही प्रश्न आहेच. जास्त कोलेस्टेरॉलनं ज्यांचं हृदय पन्नाशी-साठीतच बंद पडलं, ते पंच्याऐंशीच्या यादीत येणार कुठून? यादीत उरतात ते सोसून पार झालेले.

(दृश्य: प्रयोगशाळा, रक्ताच्या नळ्या.)

मग आजार आकड्याला ओढतोय की आकडा आजाराला, हे ओळखायचं कसं? एक वाट जनुकांची. कोलेस्टेरॉल चढं ठेवणारी जनुकं माणूस जन्मतः घेऊन येतो; म्हातारपणीची खंगलेली तब्येत ती बदलू शकत नाही. लायडनच्या संशोधकांनी ज्येष्ठांमध्ये हेच तपासलं आणि २०१५मध्ये मांडलं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, चढं ठेवणारी जनुकं ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त, अगदी उतारवयातसुद्धा. रक्ताच्या आकड्यानं दाखवलं होतं त्याच्या नेमकं उलट! माझ्या मते सगळ्या कहाणीत वजनदार पुरावा हाच.

आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी? स्कॉटलंडमधलं ग्लासगो, आयर्लंडमधलं कॉर्क आणि पुन्हा लायडन इथे ७० ते ८२ वर्षांच्या ५,८०४ जणांवर प्रावास्टॅटिन या अशाच गोळीची चाचणी झाली. सगळे आधीच हृदयरोग किंवा पक्षाघात झालेले, नाहीतर त्याचा धोका असलेले. २००२मध्ये निकाल आला: सुमारे तीन वर्षांत हृदयरोगानं होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. एकूण मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. त्या वयात माणसाला न्यायला इतरही कारणं टपलेली असतात.

(दृश्य: दवाखाना, टेबलावर लिपिड प्रोफाइलचा कागद.)

त्यामुळे ऐंशीच्या आजींचा रिपोर्ट हाती आला, की जुना रिपोर्ट शेजारी ठेवावा. गोळी चालू असेल, तर आकडा उतरणं अपेक्षितच. ती स्वतःहून बंद करू नये. पण गोळी नाही, आहार तोच, आणि २२०चं कोलेस्टेरॉल १५०वर आलं असेल, तर डॉक्टरांनी वजन बघावं, थायरॉइड आणि यकृत तपासावं, हिमोग्लोबिन बघावं. आणि घरच्यांनी आठवून सांगावं, ताटातली भाकरी अर्धी कधीपासून उरायला लागली.