भातुकलीचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधी बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत शिरा. कोपरापर्यंत मातीनं माखलेली पोरं किल्ले करत असतात. बुरूज कुठं, महादरवाजा कुठल्या तोंडाला, यावर भांडतात आणि आपापसातच मिटवतात. अशा पोरांसाठी गल्लीत खेळघर बांधायचं, तर आराखडा त्यांनाच विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गल्लीत पंचांनी देवळामागची जागा दिली. पोरांनी खडूनं जमिनीवरच घर आखलं आणि आत बसून पाहिलं. आम्हा मोठ्यांच्या मनात ऐसपैस खोली होती. त्यांना हवं होतं वाकून शिरायचं दार, पळून जायला मागं दुसरं, आणि खिडकीला फळी, कारण तिथं चहाचं दुकान मांडायचं होतं! दार साडेतीन फुटांचंच ठेवलं. सुतारमामा कन्नड बोलणारे. पोरं त्यांना अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात मापं सांगत होती.

आता पावसाचं. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. घर मेसकाठीचं, म्हणजे बांबूचं. ही काठी थेट मातीत रोवली की बुडाशी कुजते, म्हणून खांब चिऱ्यांवर उभे केले. काठीच्या पेरांमधले पडदे आतून फोडून ती बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवली, नाहीतर भुंगा पोखरतो. पण हे औषध पावसानं धुऊन जातं. तेव्हा पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर पुढं काढा. भिंतींना बुरुडाकडून विणलेले तट्टे लावले. कौलं आम्ही टाळली, पोरं वर चढणारच.

एक माप मात्र लिहून घ्या. कठड्याच्या दोन काठ्यांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीत मुलाचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं. यात हयगय नको. माळा केलात, तर त्याखाली आणि भोवती वीतभर जाडीची वाळू पसरा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधायचं असेल, तर काठी थंडीतच तोडा. तेव्हा तिच्यात साखर कमी असते, भुंगाही कमी लागतो. औषध देऊन सावलीत उभी करून वाळवा. तोवर पोरांना खडू देऊन ठेवा. आमच्याकडं तीन वेळा घर पुसून नव्यानं आखलं गेलं, आणि दुसरं दार सुचलं ते तिसऱ्या वेळी.