अस्तराची गोष्ट
(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

पत्रिकेवर 'रक्तवाहिनीचं अस्तर आणि स्नायू' असं छापलंय. अस्तर म्हणजे शिवणकाम असेल म्हणून आलेल्या तिघीचौघी पुढे बसल्यात. बसा हो, उठू नका. कोटाच्या अस्तरात शिंप्याने घाई केली की बाहेरून कितीही इस्त्री मारा, कोट अंगावर बसत नाही. रक्तवाहिनीचं तसंच. लोकांना वाटतं ती नळासारखी असते, तुंबली की गवंड्याला बोलवा. मला त्या नळाचा फार राग आहे.

कारण सांगतो. १९७६ साली मी मुंबईत शिकत होतो. प्रात्यक्षिकाला सशाच्या महाधमनीची पट्टी द्रावणात टांगायची, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन घालून आवळायची आणि त्यावर मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं रसायन, अ‍ॅसिटिलकोलिन घालायचं. काजळी धरलेल्या कागदावर पट्टीला जोडलेली सुई वर जायला हवी. आणखी आवळली, शाबास! माझी सुई खाली गेली. पट्टी चक्क सैल पडली. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा खाली. सर म्हणाले, "हात धड नाहीत तुझे. गोव्यात मासे साफ करतोस काय?" वर्ग हसला. वीसपैकी चार मार्क. (तुम्ही पण हसा, पन्नास वर्षं झाली आता.)

मासे तर मी करायचोच. माणकी, म्हणजे माकूळ, आतून घासून काढली की आई ओरडायची, "हळू रे, कातडं सोलशील!" तोच हलका हात पट्टीला लागला होता. बाकीच्यांनी आतली बाजू, म्हणजे अस्तर, टिपकागदावर खसाखसा पुसली होती, माझी शाबूत राहिली. हे मला कळलं चार वर्षांनी.

१९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि झवाड्झ्की या अमेरिकेतल्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हेच छापलं: अस्तर शाबूत असलं तर पट्टी सैल पडते. त्यांच्याकडेही सुरुवात चुकीनेच झाली होती: मदतनिसाने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन धुवायच्या आधीच पुढचं औषध घातलं, आणि पट्टी सैल पडली. मग त्यांनी अस्तर काढलेली पट्टी आणि अस्तर असलेली पट्टी एकमेकींना चिकटवून टांगली. उघडी पट्टीही सैल पडली! म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं. फर्चगॉटना नोबेल, मला चार मार्क.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुख्य विषय आता पळवतो.

अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. रक्त त्याला घासून वाहिलं की पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात. तो काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. तिथे सायक्लिक जीएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढतं, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल. त्या पाझरणाऱ्या पदार्थाची ओळख पटली १९८७ साली, नोबेल मिळालं १९९८ला. जिभेखालची नायट्रेटची गोळी हाच वायू थेट स्नायूला देते, अस्तराला विचारत बसत नाही. तिचा मोठा भाऊ नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटचा जीव. म्हातारपणी आल्फ्रेड नोबेलना हृदयासाठी डॉक्टरांनी नेमकं तेच सुचवलं होतं!

तंबाखू, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनी अस्तर बिघडतं. मग अ‍ॅसिटिलकोलिनने तीच वाहिनी सैल व्हायच्या जागी आवळते, म्हणजे सरांना हवी होती तशी. आणि हेच अस्तर स्नायू आवळणारं एंडोथेलिनही बनवतं. ते १९८८ला जपानात सापडलं. त्यावर माझ्याकडे सहा पानं आहेत, पण अध्यक्ष उभे राहिलेत आणि मागे चहाचे कप वाजताहेत. पानं खिशात ठेवतो.