गेमिंग फोन मधेच का मोडतो?

मागे आवाज येतोय ना? बरं. आज एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते, आणि प्रोसेसर यावर मी काही बोलणार नाहीये, ते इथल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आज फक्त बॉडी. दोन फोन घेऊ, दोन्ही २०२१ चे: आसुसचा आरओजी फोन ५ आणि लेनोवोचा लिजन फोन ड्युएल २.

आता गेमिंग फोन आपण आडवा धरतो, दोन्ही हातांची बोटं दोन टोकांना, म्हणून या दोन्ही कंपन्यांनी काय केलं तर तापणारा सगळा माल, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड, मधोमध आणला आणि बॅटरीचे दोन तुकडे करून ते दोन बाजूंना ठेवले, आरओजीत ३००० एमएएचचे दोन, लिजनमधे २७५० चे दोन. बोटांना चटका कमी, चार्जिंग पण फास्ट. आयडिया झक्कास आहे, खरंच. पण फोन वाकवला की सगळ्यात जास्त ताण येतो मधे, आणि तिथेच बोर्ड आणि बॅटरीचा जोड, तिथेच साइडचा चार्जिंग पोर्ट, अँटेनाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. फ्रेम अल्युमिनियमची असली तरी तिला इतकी भोकं पाडल्यावर ती काय धरणार!

यूट्यूबवर जेरीरिगएव्हरीथिंगवाल्या झॅक नेल्सनने दोन्ही फोन हाताने वाकवून बघितले, दोन्ही मोडले. लिजन तर एकाहून जास्त ठिकाणी. आणि गंमत म्हणजे आरओजीला पुढे गोरिला ग्लास व्हिक्टस होती, पण काच चांगली म्हणजे फोन मजबूत हे आपणच धरून चालतो. काच ओरखडे आणि पडणं यासाठी, वाकणं फ्रेमने सांभाळायचं असतं.

लिजनमधे आतच दोन पंखे आहेत, वजन २५९ ग्रॅम, सेल्फी कॅमेरा साइडने वर येतो. हलणारे पार्ट जितके जास्त तितकी धूळ आत जायला जागा, आणि आपल्या घोडबंदर रोडची धूळ तुम्हाला सांगायला नको. आरओजीचा पंखा वेगळा, बाहेरून लावायचा. मला हे जास्त पटतं, बिघडला तर तेवढाच बदला. पाण्याचं म्हणाल तर दोघांनाही आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो याचा दर्जा, नाही. आसुसने पुढे आरओजी ६ ला आयपीएक्स४, म्हणजे उडणाऱ्या पाण्यापुरतं, दिलं आणि २०२४ च्या आरओजी ८ ला थेट आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाण्यात बुडणं दोन्हीसाठी. म्हणजे जमत होतं की!

काय म्हणालात, सेकंडहँड आरओजी ५ घ्यावा का? घ्या, पण जूनमधे ठाणे स्टेशनच्या गर्दीत मागच्या खिशात ठेवणार असाल तर नको. घेताना फोन पालथा करून काचेच्या काउंटरवर ठेवा, डुगडुगला तर फ्रेम वाकलीये. साइड पोर्टचं रबरी झाकण आहे का बघा, ते पटकन हरवतं. मग खालच्या आणि साइडच्या, दोन्ही पोर्टला चार्जर लावून बघा, दुकानदार घाई करत असेल तरी.