रंगवलेला दगड कुठे ठेवावा?

मंडळी, ज्यांची नातवंडं इंग्लंड-अमेरिकेत वाढताहेत त्यांनी हा खेळ पाहिला असेल. फिरायला निघालेल्या पोराला बाकावर किंवा कठड्यावर एक गुळगुळीत गोटा सापडतो. वर घुबड नाहीतर इंद्रधनुष्य. उलटा केला की मागे लिहिलेलं असतं: आवडला तर ठेव, नाहीतर पुढे कुठेतरी लपव. ठेवणारा कोण, पत्ता नाही. पोरगं मात्र उरलेल्या वाटेवर दर पायरीखाली वाकून बघतं.

याची चळवळ झाली ती २०१५ पासून. अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर मेगन मर्फी या बाई गोट्यांवर धीराचे चार शब्द लिहून ठेवू लागल्या. 'काइंडनेस रॉक्स' हे नाव तिथलं. मला स्वतःला धीराच्या वाक्यांपेक्षा घुबडं बरी वाटतात, पण ते असो. २०२०च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये याचंच एक देखणं रूप निघालं. कुणीतरी पदपथाच्या कडेला डोळे रंगवलेला एक दगड ठेवायचं, ते सापाचं तोंड. मग येणाजाणाऱ्या मुलांनी आपापला दगड मागे जोडत जायचं. भेटीगाठी बंद होत्या, साप मात्र लांबत होता.

हौस तशी फार जुनी. फ्रान्समधल्या मास दाझिलच्या गुहेत एदुआर पिएत या पुरातत्त्व संशोधकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेरूचे ठिपके आणि पट्टे ओढलेले गोटे सापडले. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. ते कशासाठी रंगवले, याचा उलगडा अजून झालेला नाही. मागे सूचना लिहायची राहिली असावी!

आता भांडणाचा मुद्दा. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं असे दगड ठेवू देत नाहीत, तिथला साधा दगडही उचलू देत नाहीत. त्यांचं मला पटतं. ॲक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकच. उन्हापावसात त्याचे पापुद्रे सुटतात आणि मातीत, पाण्यात जातात. शिवाय रानात गेलेल्या माणसाला रानच बघायचं असतं.

आपल्याकडे करायचं असेल तर गडकोट आणि कातळ पूर्ण वर्ज्य. तिथे बदामात कोरलेली आणि ऑइलपेंटने रंगवलेली नावं काय कमी आहेत? पिंपळाच्या पारावर लाल-केशरी गोटा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्याला फूल वाहिलेलं दिसेल आणि मग तो उचलायची कुणाची छाती होणार नाही. सोसायटीचं आवार, वाचनालयाची पायरी, बागेतला बाक या जागा चांगल्या. नदीतून गोटे उपसू नका, नर्सरीत विकत मिळतात. धुऊन कोरडे करा, रंगवा, वर वॉर्निशचा हात द्या. आणि हिरवळीत अजिबात लपवू नका. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात गोटा आला तर तो गोळीसारखा उडतो, आणि माळीबुवांना आपला खेळ ठाऊक नसतो.